बी रक्तगटाची माणसं तापट असतात का? शंभर माणसं मोजून बघू

ओ गटाची माणसं पुढाकार घेणारी, ए गटाची टापटिपीची पण मनाला लावून घेणारी, बी गटाची तापट आणि मनाला येईल तसं वागणारी, आणि एबी गटाच्या माणसांचा तर थांगच लागत नाही. हा मजकूर तुमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा तरी येऊन गेला असेल. ऑफिसात डबे उघडले की कुणीतरी विचारतं, "तुझा ब्लडग्रुप कुठला गं?" उत्तर ऐकलं की पुढचा शब्द ठरलेला: "तरीच!"

त्या "तरीच"मध्ये नेमकं काय घडतं, ते मला इथे उलगडून सांगायचं आहे. रक्तगटाचा स्वभावाशी संबंध नाही, असं एका ओळीत सांगून मोकळं होता येईल. पण तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. ज्याला ही गोष्ट पटलेली असते त्याने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते. सासरे बी गटाचे, तापट. साहेब बी गटाचे, तेही तापट. यातलं काहीच खोटं नसतं. गफलत होते ती हिशेब मांडताना, आणि तो हिशेब समजायला शाळेतली शेकडेवारी पुरते.

आधी ही कल्पना आली कुठून ते थोडक्यात. रक्ताचे ए, बी, ओ असे गट असतात हे व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिलं. त्यासाठी त्यांना १९३० चं नोबेल मिळालं. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सालोनिका आघाडीवर लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचं रक्त तपासलं. १९१९ साली त्यांनी ते आकडे प्रसिद्ध केले. त्यात हिंदुस्थानी सैनिकही होते आणि त्यांच्यात बी गटाचं प्रमाण युरोपियनांपेक्षा बरंच जास्त निघालं. प्रमाण देशागणिक बदलतं एवढंच त्यातून कळत होतं, पण काहींनी त्यावरून माणसांच्या जातकुळीची उतरंड लावायला सुरुवात केली. १९२७ साली ताकेजी फुरुकावा या जपानी प्राध्यापकांनी रक्तगट आणि स्वभाव यांची सांगड घालणारा लेख लिहिला. ती लाट ओसरली, आणि १९७१ साली मासाहिको नोमी या लेखकाच्या पुस्तकाने ती पुन्हा उसळली. नोमींचं वैद्यकशास्त्राचं शिक्षण नव्हतं, पण पुस्तक घरोघरी पोचलं. २०११ च्या त्सुनामीनंतर नेमलेले पुनर्बांधणी मंत्री र्‍यू मात्सुमोतो आठवडाभरातच उद्धट बोलण्यामुळे पायउतार झाले, तेव्हा आपला रक्तगट बी असल्याचं कारणही त्यांनी पुढे केलं होतं. एका मंत्र्याने हे जाहीरपणे सांगावं, इतकी ती समजूत तिथे रुळलेली आहे.

आता मुंबईत येऊ.

अंधेरीतलं एक ऑफिस

भारतात ओ आणि बी हे दोन गट सर्वांत जास्त आढळतात, दोन्ही साधारण एक तृतीयांशाच्या आसपास. ए पाव हिश्शाच्या जरा खाली, आणि एबी दहा टक्क्यांच्या आत. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल करून घेऊ आणि शंभर माणसांचं एक ऑफिस कल्पू: ३६ ओ, ३२ बी, २४ ए, ८ एबी.

आणखी एक गोष्ट गृहीत धरू. या ऑफिसात तापटपणाचा रक्तगटाशी काडीचाही संबंध नाही. कुणालाही विचारा, प्रत्येक गटातली निम्मी माणसं तापट म्हणून ओळखली जातात, निम्मी शांत म्हणून. (मुंबईत लोकलने रोज दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या माणसांसाठी निम्मं हे प्रमाण काही जास्त नाही.)

म्हणजे ३२ बी माणसांपैकी १६ तापट आणि १६ शांत. उरलेल्या ६८ पैकी ३४ तापट आणि ३४ शांत. एका कागदावर चार चौकोन काढून हे आकडे लिहा, कारण पुढचं सगळं या चार चौकोनांतच आहे.

पहिला चौकोन, तापट बी. संबंध शून्य धरूनही इथे १६ माणसं आहेत. यातल्या प्रत्येकाचा रक्तगट कळला की "तरीच" उमटतं. एका ऑफिसात सोळा वेळा! वर्षभरात त्यातले पाच-सहा जरी कानावर आले तरी कुणाचीही खात्री पटेल.

दुसरा चौकोन, शांत बी. यातही १६ माणसं आहेत, म्हणजे समजुतीच्या विरोधात जाणारे तेवढेच पुरावे. पण त्यांच्या वाट्याला दुसरं वाक्य येतं: "वरून शांत दिसतो, पण एकदा भडकला की बघ." एवढं म्हटलं की तोही माणूस पहिल्या चौकोनात जाऊन बसतो. किंवा, "आई ए गटाची असेल, तिच्यावर गेलाय." ज्या समजुतीला असा प्रत्येक वेळी पळवाट देणारा खुलासा हाताशी असतो ती कधीच चुकीची ठरू शकत नाही. मला हे तिचं सर्वांत मोठं दुबळेपण वाटतं. जे कशानेही चुकीचं ठरू शकत नाही ते आपल्याला काहीच नवं सांगत नसतं.

तिसरा चौकोन, बी नसलेले तापट लोक. हे ३४ आहेत, पहिल्या चौकोनाच्या दुपटीहून जास्त. पण त्यांचा राग पाहून रक्तगट विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही. चुकून कळला आणि तो ओ निघाला, तर "बरोबर, ओ वाल्यांना हुकूम सोडायची सवय" असं म्हणता येतंच.

चौथ्या चौकोनातले ३४ जण शांत आहेत आणि बीही नाहीत. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून ते कुणाच्या हिशेबातच येत नाहीत. पण त्यांच्याशिवाय उत्तर निघत नाही. प्रश्न असा हवा: बी वाल्यांत तापट किती, आणि बी नसलेल्यांत किती? ३२ पैकी १६, आणि ६८ पैकी ३४. दोन्हीकडे निम्मे. पहिल्या चौकोनातली सोळा माणसं कितीही ठळक आठवत असली तरी ती एकटी काहीच सिद्ध करत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, हे आपण झटकन म्हणतो. पण कावळा बसूनही न मोडलेल्या फांद्या, आणि कावळा नसताना मोडलेल्या फांद्या, यांची मोजदाद कुणी करत नाही.

एक गंमतीची गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. जपानमध्ये बी गटाचे लोक साधारण वीस टक्के आहेत. हेच ऑफिस टोकियोत असतं तर तापट बी दहाच भरले असते. मुंबईत सोळा भरतात. म्हणजे जपानात तयार झालेली समजूत आपल्याकडे जास्त "खरी" वाटण्याची सोय आहे, ती केवळ आपल्याकडे बी गटाची माणसं जास्त आहेत म्हणून. तापटपणा दोन्हीकडे सारखाच धरला आहे.

उलटा प्रश्न

"बी वाल्यांपैकी किती तापट?" आणि "तापट लोकांपैकी किती बी?" हे दोन प्रश्न ऐकायला एकसारखे वाटतात, पण त्यांची उत्तरं निराळी असतात. सकाळी नऊच्या सुमाराला चर्चगेटला उतरणारे बहुतेक लोक नोकरदार असतात. म्हणून मुंबईतले बहुतेक नोकरदार चर्चगेटला उतरतात असं म्हणाल का? रक्तगटाच्या गप्पांत मात्र हे दोन प्रश्न सर्रास एकमेकांत मिसळले जातात.

आता समजुतीला थोडी सवलत देऊन बघू. समजा, बी गटाची माणसं खरोखरच जरा जास्त तापट असतात. इतरांत ५० टक्के, तर बी मध्ये ५५. असा काही पुरावा नाही, पण धरून चालू. एक नवा सहकारी आला, पहिल्याच दिवशी प्रिंटरवर चिडला. तो बी असण्याची शक्यता किती?

तापट बी: ३२ चे ५५ टक्के, म्हणजे १७.६. इतर तापट: ६८ चे निम्मे, म्हणजे ३४. एकूण तापट ५१.६. त्यातले बी १७.६, म्हणजे सुमारे ३४ टक्के. त्याला चिडताना पाहण्याआधी शक्यता ३२ टक्के होती, चिडताना पाहिल्यावर ३४ झाली. फरक खरा मानला तरी हाताला लागले ते दोन टक्के! एखाद्याचा स्वभाव ओळखायला, त्याला काम द्यायला, त्याच्याशी सोयरीक जुळवायला हे दोन टक्के काय कामाचे?

आणि ५० विरुद्ध ५५ हा फरक नुसत्या निरीक्षणातून दिसेल असंही समजू नका. तो भरवशाने पकडायला दोन्ही बाजूंची प्रत्येकी दीड हजारांच्या आसपास माणसं तपासावी लागतात. आपल्या ओळखीत ज्यांचा स्वभाव आणि रक्तगट दोन्ही ठाऊक आहेत अशी माणसं किती असतात? तीस, फार तर चाळीस. तेवढ्यांवरून "माझा अनुभव आहे" म्हणणारा माणूस प्रामाणिक असतो, पण त्या अनुभवात हा फरक दिसणं शक्यच नसतं.

मी तर स्वभावावरून रक्तगट ओळखतो

असं सांगणारी एक तरी व्यक्ती प्रत्येक गोतावळ्यात असते. तिची परीक्षा घेण्याआधी नुसत्या नशिबाने किती जमतं ते काढू.

समजा एखादा माणूस लोकांच्या प्रमाणाला धरून, पण अंदाजपंचे उत्तरं देतो: शंभरात ३६ वेळा ओ, ३२ वेळा बी, वगैरे. त्याचं उत्तर बरोबर येण्याची शक्यता अशी: समोरचा ओ असून यानेही ओ म्हणणं, अधिक दोघांचं बी जुळणं, अधिक ए, अधिक एबी. ०.३६ चा वर्ग अधिक ०.३२ चा वर्ग अधिक ०.२४ चा वर्ग अधिक ०.०८ चा वर्ग. बेरीज ०.२९६, म्हणजे जवळजवळ ३० टक्के. दहा जणांचे रक्तगट असे ओळखायला घेतले तर सरासरी तीन बरोबर येतात, स्वभावाकडे ढुंकूनही न बघता. (सगळ्यांना डोळे मिटून ओ म्हणत गेलात तर ३६ टक्के. तेही मुंबईत वाईट नाही.)

हा ०.२९६ लक्षात ठेवा, पुढे लग्नाच्या गोष्टीत तो पुन्हा लागणार आहे.

सरासरी तीन म्हणजे प्रत्येक वेळी तीनच असं नाही. नुसत्या नशिबावर दहापैकी पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १५ टक्के आहे. दहापैकी सात किंवा जास्त येण्याची शक्यता एक टक्का. एक टक्का ऐकायला नगण्य वाटतो. पण हजार लोकांनी हा खेळ केला, तर त्यातल्या दहाएक जणांचे दहापैकी सात अंदाज बरोबर येणारच. उरलेले ९९० गप्प बसतील. ते दहा जण मात्र आयुष्यभर हा किस्सा सांगतील, आणि आपल्या कानावर येतात ते किस्से त्या दहांचेच. एवढ्या मोठ्या शहरात असे चमत्कार रोज घडतात, कारण प्रयत्नच तेवढे होत असतात.

खरी परीक्षा घ्यायची असेल तर तीही घरच्या घरी होते. ज्यांचे रक्तगट ओळखणाऱ्याला माहीत नाहीत अशी वीस माणसं निवडा. सोसायटीतल्या रक्तदान शिबिराच्या दिवशी हे सहज जमेल, फक्त लोकांची परवानगी घ्या. प्रत्येकाचा अंदाज रक्तगट कळण्याआधी कागदावर लिहून घ्या, नंतर खाडाखोड नको. वीसपैकी सहा बरोबर येणं म्हणजे नशीब. दहा किंवा जास्त नशिबाने येण्याची शक्यता साधारण वीसात एक, तेव्हा दहा आले तर लक्ष द्या आणि दुसऱ्या वीस जणांवर पुन्हा करा. पुन्हा करणं महत्त्वाचं.

वर्णन कुणालाही लागू पडणारं

इथवर आपण तापट आणि शांत हे दोन कप्पे स्वच्छ वेगळे धरले. प्रत्यक्षात ते तसे नसतात. "तुम्ही बाहेरून कणखर दिसता, पण आतून हळवे आहात." "तुम्हाला चारचौघांत मिसळायला आवडतं, पण कधी कधी एकटं राहावंसं वाटतं." कुणाला लागू पडणार नाही हे?

१९४८ साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. ते किती जुळतं याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग त्यांनी उघड केलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून घेतलेली होती.

आपल्या चार चौकोनांत याचा अर्थ काय होतो ते बघा. वर्णन जितकं सैल, तितकी पहिल्या चौकोनात माणसं जास्त. लक्षण ५० टक्क्यांऐवजी ९० टक्के लोकांना लागू पडणारं असेल, तर ३२ बी वाल्यांपैकी २९ जण म्हणतील, "अगदी माझंच वर्णन!" बाकीच्या ६८ पैकी ६१ जणही तेच म्हणाले असते. त्यांना बी गटाचा परिच्छेद वाचायला कुणी दिलाच नाही. कधी तरी मित्रांना गटांची नावं खोडून चारही परिच्छेद द्या आणि स्वतःचा ओळखायला सांगा.

मोठ्या प्रमाणावर हे कुणी तपासलं आहे का? हो. केंगो नावाता या जपानी संशोधकाने २०१४ साली जपान आणि अमेरिकेतल्या मिळून दहा हजारांहून जास्त लोकांच्या सर्वेक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न स्वभावासाठी म्हणून बनवलेले नव्हते. पैसा, जोखीम, भविष्याची चिंता अशा विषयांवरचे होते, म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या डोक्यात रक्तगट असण्याचं कारण नव्हतं. अशा ६८ प्रश्नांपैकी ६५ मध्ये रक्तगटांत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

मग उरलेल्या तीन प्रश्नांत काहीतरी सापडलं ना? इथेच शक्यतेचं गणित कामाला येतं. संशोधनात नेहमी वापरतात त्या कसोटीवर, काहीही संबंध नसताना वीसातला एक प्रश्न योगायोगाने "फरक आहे" असं दाखवतो. ६८ प्रश्न विचारले तर असे योगायोग सरासरी ३.४ यायला हवेत. आले तीन. तेही इतके किरकोळ, की माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला अर्धा टक्काही रक्तगटाच्या नावावर जमा होत नव्हता. वर्तमानपत्राला फक्त ते तीन प्रश्न दिले असते तर मथळा काय झाला असता, याचा विचार मी प्रत्येक "नव्या संशोधनातून सिद्ध" वाचताना करते. किती प्रश्न विचारले होते हे बातमीत नसेल, तर ती बातमी अर्धीच आहे.

काही जपानी सर्वेक्षणांत मात्र लोकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं रक्तगटाच्या ठोकताळ्याकडे थोडी झुकलेली दिसली. १९७८ ते १९८८ या काळातली उत्तरं वर्षवार तपासली तेव्हा, ही समजूत जशी लोकप्रिय झाली तसा तो कल आल्याचं आढळलं. लहानपणापासून "तू बी, तू हट्टी" ऐकलेली मुलगी मोठेपणी फॉर्मवर "मी हट्टी आहे" यापुढे खूण करणारच. मला यात सर्वांत जास्त काळजी वाटते ती इथे. समजूत नुसती चुकीची राहत नाही, ती ऐकणाऱ्याच्या अंगाला चिकटते.

टाइलवरचे तीन थेंब

रक्तगट म्हणजे मुळात काय ते एकदा जवळून पाहिलं की बऱ्याच गोष्टी सुटतात. शिबिरात किंवा लॅबमध्ये बोटाला सुई टोचतात आणि पांढऱ्या टाइलवर किंवा काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब वेगवेगळे ठेवतात. एकात निळं सीरम टाकतात, ते अँटी-ए. दुसऱ्यात पिवळं, ते अँटी-बी. तिसऱ्यात रंग नसलेलं अँटी-डी, ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवायला. काडीने ढवळून टाइल हलवली की मिनिटभरात कळतं. निळ्या थेंबात रवा सांडल्यासारखे दाणे आले तर ए. पिवळ्यात आले तर बी, दोन्हीत आले तर एबी, दोन्ही थेंब एकसंध राहिले तर ओ.

ते दाणे कशाचे? तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या असतात. नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाने बनवलेलं विकर (एन्झाइम) त्या साखळीच्या टोकाला एक साखर जोडतं. एक प्रकारची जोडली तर ए, दुसऱ्या प्रकारची जोडली तर बी. विकर निकामी असेल आणि काहीच जोडलं नाही तर ओ. ए आणि बी मधला सगळा फरक तो एवढाच.

त्याचा शरीरावर काहीच परिणाम होत नाही असं नाही. ओ गटाच्या लोकांत रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाचं प्रमाण कमी असतं आणि त्यांच्यात शिरांमध्ये गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा कमी आढळतो. हे अनेक देशांत, पुन्हा पुन्हा, चारही चौकोन मोजून दिसलेलं आहे. रक्तगटाचा एखाद्या गोष्टीशी संबंध असेल तर तो असा सापडतो.

आणि मग आपल्या शहराचं नाव धारण करणारा रक्तगट आहेच. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत आढळलेल्या एका अनोख्या रक्तगटाची माहिती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. या माणसांत साखळीचा पायाच, म्हणजे ज्यावर ए किंवा बी ची साखर बसते तो एच, तयार होत नाही. टाइलवर त्यांचे दोन्ही थेंब एकसंध राहतात आणि कार्डावर "ओ" लिहिलं जातं. पण त्यांना ओ गटाचं रक्त दिलं तर जीवावर बेततं, त्यांना बॉम्बे गटाचंच लागतं. भारतात हा गट साधारण दहा हजारांत एकाचा. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती, म्हणजे या हिशेबाने शहरात बाराशेच्या वर माणसं. त्यांतल्या अनेकांच्या अंगात बी चं जनुक धडधाकट असतं, पुढच्या पिढीत ते उतरतं आणि मूल बी गटाचं निघू शकतं. त्याची साखर बसायला मात्र त्यांच्या स्वतःच्या पेशींवर जागा नसते. अशा माणसाचा स्वभाव कार्डावरच्या ओ प्रमाणे धरायचा, जनुकातल्या बी प्रमाणे, की आणखी वेगळा? समजुतीकडे याचं उत्तर नाही, कारण ती रक्त म्हणजे काय या प्रश्नापर्यंत कधी पोचलेलीच नाही.

बायोडेटावरची ती एक ओळ

आपल्याकडे स्वभावापेक्षाही रक्तगट खरा आडवा येतो तो लग्नात. बायोडेटावर रास, गण, नाडी आणि त्याखाली रक्तगट. "दोघांचा रक्तगट एकच आहे, मुलं व्हायला अडचण येईल," म्हणून स्थळं परत गेलेली मी पाहिली आहेत. याच्या जोडीला एक नाडी म्हणजेच एक रक्तगट असाही एक समज आहे.

तो ०.२९६ आठवतोय? दोन माणसांचा ए-बी-ओ गट नुसत्या योगायोगाने जुळण्याची शक्यताही तीच, जवळजवळ ३० टक्के. पॉझिटिव्ह-निगेटिव्हही जुळायला हवं म्हटलं तर सुमारे २७ टक्के, कारण भारतात निगेटिव्ह साधारण पाचच टक्के आहेत. म्हणजे दर चार जोडप्यांत एकाहून जरा जास्त जोडपी एकाच गटाची असणार. तुमच्या मजल्यावरच असतील. एक रक्तगट असल्याने मूल होण्यात काही अडचण येत नाही.

नाडीचं तर घरातच तपासता येतं. सत्तावीस नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली, आणि चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो. जन्म एखाद-दोन दिवस पुढेमागे झाला की नाडी बदलते. रक्तगट मात्र आईवडिलांकडून येतो, तो आकाशाकडे बघत नाही. आई आणि वडील दोघेही ओ गटाचे असतील तर, अगदी विरळा अपवाद सोडता, सगळी मुलं ओ गटाचीच. त्या भावंडांच्या पत्रिका काढून नाड्या बघा.

रक्तगटाच्या त्या ओळीतली एक गोष्ट खरंच कामाची आहे, आणि ती गट जुळण्याबद्दलची नाही. मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं, आणि पुढच्या बाळंतपणात त्रास होऊ शकतो. त्यावर इलाज आहे. गरोदरपणात अठ्ठावीस आठवड्यांच्या सुमाराला, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत, अँटी-डी चं इंजेक्शन देतात. एवढ्यासाठी स्थळ मोडायचं कारण नाही, डॉक्टरांना आधी सांगून ठेवायचं.

लग्नाआधी रक्ताबद्दल काही विचारायचंच असेल तर थॅलेसेमियाचं, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत उतरणाऱ्या रक्ताच्या एका आजाराचं विचारा. एचबीए-२ ही साधी तपासणी आहे, आयुष्यात एकदा केली की पुरते. भारतात साधारण ३ ते ४ टक्के लोक थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या आजाराचे नुसते वाहक असतात. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून पत्ताही नसतो. चार टक्के धरले आणि जोड्या योगायोगाने जुळल्या, तर दहा हजार जोडप्यांत १६ जोडप्यांत दोघेही मायनर निघतील. ज्या समाजात प्रमाण दहा टक्के आहे आणि लग्नं समाजातल्या समाजातच होतात, तिथे दर शंभरात एक जोडपं. मुंबईतल्या सिंधी, कच्छी आणि लोहाणा कुटुंबांत हे प्रमाण बरंच जास्त आढळतं, पण मराठी घरांनीही निर्धास्त राहावं असं नाही.

दोघेही मायनर असतील तर मुलाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. त्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, वर्षानुवर्षं. आणि ही चारात एक शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं होत नाही, आणि पहिलं निरोगी निघालं म्हणून दुसऱ्याचा धोका वाढतही नाही, घटतही नाही. दोन मुलं झाली तर निदान एकाला मेजर असण्याची शक्यता ४४ टक्क्यांच्या घरात जाते. दोघेही मायनर आहेत हे आधी कळलं, तर गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच गर्भाची तपासणी करता येते.